छापखान्यात गेलेलं पुस्तक

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. धर्माधिकारींची आठवण निघाली की मी त्यांच्या उशीपर्यंत यायचो, सगळे हसायचे आणि मी तिथंच थांबायचो. आता पुढचंही लिहितो.

आधी उशी. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात मी हेडक्लार्क आणि केशवराव धर्माधिकारी कनिष्ठ लिपिक. विद्यार्थ्यांची खिडकी त्यांच्याकडं. खुर्चीवर शहागंजच्या बाजारातून आणलेली लाल उशी, आणि तिच्या खोळीत टी.सी.चं, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्यांचं पुस्तक. शिक्षण अर्धवट सोडून कुणी दाखला मागायला आलं की ते चष्मा पुसत सांगायचे, "पुस्तक छापखान्यात गेलंय. सोमवारी या." आणि हे पुस्तकावर बसूनच.

पदवी घेऊन पुढं शिकायला निघालेल्याला मात्र दाखला लगेच मिळे. त्यासाठी त्यांना उभं राहावं लागे. "धर्माधिकारी उठले," असं शिपायानं सांगितलं की आम्ही समजायचो, कुणाचं तरी भलं झालं.

दुष्काळाची वर्षं होती. तिकडं वाळूजला कारखाने वाढत होते, इकडं खेड्यांतल्या विहिरी कोरड्या पडत होत्या. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात आलेली पोरं परीक्षेच्या तोंडावर दाखला मागायची. एकदा 'सोमवार' देऊन टाकला की धर्माधिकारी कामाला लागत. कुणाला वसतिगृहात खाट मिळवून दे, कुणाला जुनी पुस्तकं दे, कुणाच्या फॉर्मची मुदत वाढवून आण. सोमवारी पोरगं आलंच तर ते दुसरंच काहीतरी विचारायला.

पिशोरची रखमा अशीच. तिचे वडील मेंढरं घेऊन पैठणकडं, धरणाच्या काठाला निघाले होते आणि तिला बरोबर न्यायचं म्हणत होते. तिसऱ्या सोमवारी ते खिडकीशी उभे राहिले.

"मागल्या सोमवारी बी छापखान्यातच व्हतं."

"जाड पुस्तक आहे, मामा. वेळ लागतो."

"आन् तुमी बसलाय ते काय हाय? कोपरा दिसतोय की."

सगळं ऑफिस हसलं. धर्माधिकारी हसले नाहीत. म्हणाले, "पाणी आटलं म्हणून कळप मोडता का मामा? पाण्याकडं नेता. हिचं पाणी इथं आहे."

मामांनी लेकीकडं बघितलं. मग एकटेच गेले.

रखमा त्या वर्षीच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होऊन पुढच्या वर्षाला गेली. पेढे घेऊन आली ती थेट खिडकीशी. तिच्या प्रत्येक अर्जावर सही माझी होती. मला पेढा मिळाला तो शिपायाच्या हातून. एवढंसंच कारण. पण त्या आठवड्यात मी डाव्या हातानं प्राचार्यांना एक निनावी पत्र लिहिलं: लिपिक दाखल्यासाठी हेलपाटे घालायला लावतात. खाली 'एक त्रस्त विद्यार्थी'. खरं वाटावं म्हणून 'विद्यार्थी' मुद्दाम चुकीचं लिहिलं.

धर्माधिकारींना मागच्या रेकॉर्डरूममध्ये बसवलं. उशी त्यांच्याबरोबर गेली, पुस्तक खिडकीशी राहिलं. नवा लिपिक पाच मिनिटांत दाखला देई. त्या महिन्यात गेलेल्या पोरांचे चेहरे मला अजून आठवतात.

ते थांबवलं रखमानं. मधल्या सुट्टीत ती रांगेजवळ उभी राहायची आणि दाखला मागणाऱ्याला सांगायची, "आधी मागं जाऊन ये. पुस्तक तिकडं हाय." पोरं मागं जात आणि बहुतेक तिकडूनच वर्गात परतत. आज ती त्याच कॉलेजात शिकवते. तिच्या खुर्चीवरही लाल उशी आहे, आणि तिच्याकडचे सोमवार अजून संपलेले नाहीत.

धर्माधिकारी आता नाहीत. त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी दुपारी मी रेकॉर्डरूममध्ये गेलो होतो. सांगायचं ठरवूनच. भोवती प्रवेश अर्जांचे गठ्ठे सोडलेले, आणि मांडीवर माझं पत्र. प्राचार्यांकडून ते कसंबसं मागून घेऊन, इतके महिने ते त्यातलं अक्षर एकेका अर्जाशी ताडून बघत होते.

"साहेब, पोरगा काही सापडत नाही. 'उपरिनिर्दिष्ट' बिनचूक लिहितो आणि 'विद्यार्थी' चुकवतो. कोण असेल हो?"

सापडला तर काय करणार, मी विचारलं.

"माफी मागीन. पोटतिडकीनं लिहिलंय बिचाऱ्यानं. दाखल्यावाचून त्याचं काय अडलं होतं, ते मला कळलंच नाही. आता तरी विचारीन."

मी पत्र हातात घेतलं. अक्षर ओळखीचं नाही, म्हणालो.

"मग बसा. दोघं मिळून शोधू," म्हणत धर्माधिकारी उठले. खोलीत खुर्ची एकच होती. मी त्या लाल उशीवर बसलो आणि ते उभ्यानंच एकेक अर्ज माझ्यापुढं धरू लागले. दर अर्जाला वाटायचं, आता सांगावं. आणि दर अर्जाला मी म्हणालो, "हाही नाही."