कडुनिंबाची तक्रार

आमच्या सोसायटीतल्या कडुनिंबाने कीड लागल्याची लेखी तक्रार केली आणि चौथ्या दिवशी कीडनिरीक्षक बोरकुटे आमच्या घरी आले.

सरकारी माणूस एरवी इतक्या लवकर उगवत नाही, म्हणून मी सोसायटीची सेक्रेटरी या नात्याने चहा टाकला. त्यांनी तो घेतला नाही. खिशातून भिंग काढलं आणि माझ्या नवऱ्याची मान तपासली.

"खोडात सहा खिळे कोणी ठोकले?"

"मीच," हे म्हणाले. "'येथे वाहन लावू नये' ही पाटी लावायची होती. भिंतीला नुकताच रंग दिला होता. झाड काय, रिकामंच होतं."

बोरकुट्यांनी लिहून घेतलं: खोड पोखरणारी जात. फवारणी नको. हाताने वेचून लांब सोडावी.

एकतीस वर्षांचा संसार, आणि हा माणूस माझ्या नवऱ्याला वेचायचं म्हणत होता.

"कुठे सोडणार?"

"ओसाड माळावर. तिथे खोडच नाही."

"परत कधी आणाल?"

"वेचलेली कीड परत कोण आणतं, मॅडम?"

ह्यांनी चपला घातल्या. दारात बोरकुटे थबकले.

"एवढ्या उंचीवर हात पोचत नाही. स्टूल कोणी धरलं होतं?"

"कोणी नाही," हे घाईने म्हणाले. "मी एकटाच होतो."

ह्यांना इतकं सराईत खोटं बोलताना मी प्रथमच ऐकत होते.

"मी धरलं होतं," मी म्हणाले.

बोरकुट्यांनी नोंदीत एकाचे दोन केले.

खाली टेंपोत जाळीचे पिंजरे होते. आम्हाला एकातच ठेवा, असं मी सांगितलं.

"नर-मादी एकत्र ठेवत नाही. प्रादुर्भाव वाढतो."

"आमचं वय झालंय हो."

बोरकुटे कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. झाडाने एक पिवळं पान टाकलं.

"चालेल म्हणतंय," ते म्हणाले.

आमच्या जागी झाडाने निवडलेलं जोडपं फाटकाशी आलंच होतं. दोघांच्या पायांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं आणि प्रवासाने चेहरे जरा मलूल झाले होते. पिंजऱ्यात चढण्यापूर्वी मी त्यातल्या बाईच्या हातात किल्ली दिली.

"स्टूल बाल्कनीत आहे," मी सांगितलं. "एक पाय आखूड आहे त्याचा. कोणीतरी धरावं लागतं."