पाचची बोट आणि पांढरा झगा

हॉटेलच्या खोलीत पाऊल टाकल्यावर मेट्रनबाई सरळ खिडकीकडे गेल्या आणि घड्याळजी सरळ न्हाणीघरात.

"अगं, नळ गळतोय," आतून आवाज आला.

"गळू द्या. इकडे या, तळं बघा."

"मिनिटाला बावीस थेंब."

बाई वळल्या नाहीत. खिडकीखाली तळं पसरलं होतं आणि धक्क्याला एक पांढरी बोट डुलत उभी होती. ती रोज संध्याकाळी पाचला सुटायची आणि तळ्याला फेरी मारून तासाभराने परत यायची. दिवसाला फेरी एकच. उद्या सकाळी परतीची गाडी होती, त्यामुळे आजची पाचची बोट चुकवून चालणार नव्हतं.

बाई गेल्याच महिन्यात निवृत्त झाल्या होत्या. चौतीस वर्षं एकाच हॉस्पिटलात, त्यातली शेवटची अकरा मेट्रन म्हणून. इतक्या वर्षांत दोघांनी मिळून अशी सुट्टी घेतलीच नव्हती. कधी निघायच्या दिवशी एखादी नर्स आजारी पडायची, तर कधी गावातल्या टॉवरचं घड्याळ बंद पडायचं आणि घड्याळजींना बोलावणं यायचं. शेवटी लेकीने परस्पर खोली आरक्षित केली. निघताना बाईंनी नवऱ्याच्या खिशातून हत्यारांची चामडी थैली काढून लेकीच्या हवाली केली आणि बजावलं, "हॉटेलातल्या कशालाही हात लावायचा नाही." घड्याळजींनी कबूल केलं. पण ते तोंडाने. हातांना कुणी विचारलंच नव्हतं.

"फ्रिज घुमतोय," घड्याळजी पलंगावर टेकून म्हणाले. "कपाटाचं दार आपोआप उघडतंय. आणि खोलीचं दार बघितलंस? दाणकन ओढल्याशिवाय लागतच नाही. ओढलं की अख्ख्या मजल्याला कळतं."

"आपण एक रात्र राहायला आलोय. खोली विकत घ्यायची नाहीये."

"तसं नाही गं, पण कानाला लागतं."

"माझं बघा. ज्या दिवशी किल्ल्या दिल्या, त्या दिवशी विषय संपला. हॉस्पिटलात आता काय चाललंय, मी विचारतसुद्धा नाही. माणसाला सोडता आलं पाहिजे." एवढं बोलून बाई आडव्या झाल्या. वीस मिनिटं झोप, मग अंघोळ, मग चहा, मग बोट असा त्यांचा बेत होता.

वीस मिनिटांनी डोळे उघडले तेव्हा खोलीत विलक्षण शांतता होती. फ्रिजच्या एका पायाखाली टूथपेस्टच्या खोक्याची घडी गेली होती. कपाटाचं दार मुकाट्याने बंद होतं. आणि घड्याळजी खुर्चीवर उभे राहून, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या नखं घासायच्या कानशीने, खोलीचं दार आपोआप लावणाऱ्या वरच्या दांड्याचा स्क्रू फिरवत होते.

"अहो!"

"झालं झालं. आता बघ." त्यांनी दार उघडून सोडून दिलं. दार हळूहळू आलं आणि 'टिक' असा बारीकसा आवाज करून लागलं. "वॉर्डात झोपलेल्या पेशंटलासुद्धा जाग येणार नाही."

बाईंना ते मनातून आवडलं, पण तसं दाखवण्यात अर्थ नव्हता. "पुरे आता," त्या म्हणाल्या. घड्याळजी पुरे म्हणून न्हाणीघरात गेले.

नळ खोलायचा तर आधी पाणी बंद करायला हवं. भिंतीतल्या लहानशा झडपेआड घड्याळजींना दोन चाव्या सापडल्या. कुठली कशाची ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी दोन्ही बंद केल्या. लगेच भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडलं आणि मिनिटभरात दारावर थापा पडल्या. बाहेर एक जाडजूड गृहस्थ उभे होते. कमरेला टॉवेल, डोक्यावर शाम्पूचा डोंगर, एक डोळा मिटलेला.

"तुमचं पाणी गेलंय का हो?"

"गेलं नाही, मीच बंद केलंय. दोन मिनिटांत देतो," घड्याळजी म्हणाले.

"तुम्ही हॉटेलचे दुरुस्तीवाले का?"

"तसा हॉटेलचा नाही..."

"कुणाचे का असेना. आमचा शॉवर बघता का? पाणी खाली येतच नाही, चारी बाजूंना उडतं. मी छत्र्यांचा व्यापारी आहे, पण छत्री उघडून अंघोळ करायची पाळी पहिल्यांदाच आली."

त्या दिवशी हॉटेलात छत्री विक्रेत्यांचं संमेलन भरलं होतं. नळाचा वायसर उलटा बसवून घड्याळजींनी पाणी सोडलं, थेंब मोजले, एकही पडेना. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. ते बघणं बाईंच्या चांगलं ओळखीचं होतं.

"साडेचारला परत," बाई म्हणाल्या. "नाहीतर मी एकटी बोटीत बसेन."

"सव्वाचारलाच येतो!" म्हणत कानस हातात घेऊन घड्याळजी छत्रीवाल्यांच्या मागून गेले.

बाईंनी सावकाश अंघोळ केली. दारामागे हॉटेलचा जाड पांढरा झगा टांगलेला होता, तो घातला, केसांना टॉवेल गुंडाळला, पायात हॉटेलच्या सपाता सरकवल्या आणि चहासाठी किटली लावली. एवढ्यात दार वाजलं. बाहेर दुसरेच एक छत्रीवाले.

"दुरुस्तीवाले इथेच उतरलेत ना? आमच्या एसीतून टेबलावर पाणी गळतंय."

"शेजारी गेलेत," बाई म्हणाल्या आणि नेमकी खोली दाखवायला दोन पावलं बाहेर आल्या. मघापर्यंत जे दार ओढल्याशिवाय लागत नव्हतं, ते त्यांच्या पाठीमागे इतक्या अदबीने लागलं की 'टिक' ऐकून त्यांना आधी काही उमगलंच नाही. उमगलं तेव्हा चावीचं कार्ड, चष्मा, साडी, फोन, सगळं आत होतं.

शेजारच्या खोलीत कुणी नव्हतं. शॉवर दुरुस्त करून घड्याळजी तिथून कधीच हलले होते, कुणाच्या तरी खोलीत. एसीवाले जिन्याने त्यांना शोधायला गेले. बाईंनी झग्याचा पट्टा घट्ट आवळला आणि लिफ्टचं बटण दाबलं. चार वाजून गेले होते.

स्वागतकक्षातली मुलगी फार नम्र होती.

"दुसरी चावी देते, मॅडम. फक्त ओळखपत्र दाखवा."

"ओळखपत्र खोलीत आहे."

"हो का? मग खोलीतून घेऊन या ना."

"चावी दे, लगेच आणते."

"चावी ओळखपत्र बघून देतो, मॅडम. तुमच्याच सुरक्षेसाठी."

बाई यावर काही बोलणार, तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. हॉटेलचं काचेचं दार इतकं लख्ख पुसलेलं होतं की एक तरुण छत्रीवाला ते उघडायच्या आधीच त्यातून आत यायला गेला होता. तो नाक धरून खाली बसला. बोटांमधून रक्त यायला लागलं. चौघं धावली, एकाने त्याची मान मागे केली, दुसऱ्याने डोक्यावर पाणी ओतायला घेतलं.

"मान सोडा त्याची!" बाईंच्या तोंडून निघालं. आवाज अगदी वॉर्डातला होता. चौघं एकदम बाजूला झाली. "मागे नाही, पुढे वाकायचं. रक्त घशात जाईल नाहीतर. असं चिमटीत धर, इथे मऊ भागावर, आणि तोंडाने श्वास घे. दहा मिनिटं सोडायचं नाही. तू, बर्फ आण. टॉवेलात गुंडाळून. तुम्ही काय बघताय? वारा येऊ द्या."

स्वागतकक्षातली मुलगी बर्फ आणायला पळाली. दहा मिनिटांनी रक्त थांबलं. बाईंनी नाकाचं हाड बोटांनी चाचपून पाहिलं, धड होतं.

"हॉटेलात डॉक्टरची सोय आहे हे माहीतच नव्हतं," गर्दीतले एक आजोबा पांढऱ्या झग्याकडे बघत म्हणाले. "बाई, माझा गुडघा बघता का जरा?"

"मी डॉक्टर नाही, नर्स होते. आणि आता तीही नाही," बाई म्हणाल्या. मग आजोबांनी खुर्चीत बसताना पाय कसा आखडला ते त्यांना दिसलं. "किती दिवस दुखतोय?" असं त्यांनी विचारलं मात्र, तेवढ्यात आजोबांच्या मागे एक बाई उभ्या राहिल्या, त्यांच्या मागे उचकी लागलेले संमेलनाचे खजिनदार, त्यांच्या मागे आणखी तिघं. कुणीतरी टेबल सरकवलं. मुलीने चावी आणून टेबलावर ठेवली, ओळखपत्राचं नावही काढलं नाही, उलट हळूच विचारलं, "मॅडम, मला हल्ली जिना चढताना धाप लागते. रांगेत उभी राहू का?"

"राहा," बाई म्हणाल्या. समोरच्या भिंतीवर मोठं गोल घड्याळ होतं. चार वीस. त्या घड्याळावर नाडी मोजायला सोपं जात होतं, आणि वेळही भरपूर होता. एकाला त्यांनी मीठ कमी करायला सांगितलं, दुसऱ्याला न चुकता डॉक्टरांकडे जायला सांगितलं आणि खजिनदारांना असा दम भरला की उचकी जागच्या जागी थांबली. झगा, टॉवेल, सपाता यांचा त्यांना पार विसर पडला होता. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांना पाठदुखीही जाणवत नव्हती.

इकडे घड्याळजी ठरल्याप्रमाणे सव्वाचारला खोलीशी हजर झाले होते. दार वाजवून वाजवून ते थकले. आत किटली उकळून बंद झाली असावी, बाकी काही चाहूल नाही. बायको खरंच एकटी बोटीवर गेली की काय, या धास्तीने ते धक्क्यापर्यंत जाऊन आले. ती तिथे नव्हती. परत येऊन बघतात तर स्वागतकक्षात गर्दी आणि गर्दीच्या मध्यभागी ओळखीचा आवाज.

"अगं..." म्हणत ते पुढे घुसले, पण रांगेतल्या एकाने त्यांचा दंड धरला. "रांगेत या हो! आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत?" घड्याळजी भांडणारा माणूस नव्हेत. ते रांगेत शेवटी उभे राहिले. सहा माणसं पुढे होती. एकेकाचं सगळं नीट, सावकाश चाललं होतं.

अखेर त्यांचा नंबर आला. बाईंनी वर न बघताच त्यांचं मनगट धरलं आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे लावली. चष्मा नसल्याने डोळे बारीक केले होते.

"काय होतंय?"

"बायको सापडत नाहीये."

"कधीपासून?" बाई म्हणाल्या, आणि मग खाली बघितलं. "तुम्ही होय! कुठे होतात इतका वेळ? चला, मी पटकन साडी नेसून येते. अजून वीस मिनिटं आहेत."

तेवढ्यात तळ्याकडून भोंगा वाजला. काचेच्या दारातून पांढरी बोट धक्क्यापासून हळूच सुटताना दिसली. बाई एकदा बोटीकडे, एकदा घड्याळाकडे बघत राहिल्या. घड्याळात चार चाळीस झाले होते.

"ते वीस मिनिटं मागे आहे," घड्याळजी म्हणाले. "दुपारी आत शिरतानाच दिसलं होतं मला. पण म्हटलं, तू बजावलंयस, कशालाही हात लावायचा नाही."