झाकण ठेवलेल्या कण्या

आपली खाद्यपरंपरा पुढच्या पिढीच्या हाती सोपवणं हे प्रत्येक शिक्षकाचं पवित्र कर्तव्य आहे, असं सुमेधा खरात बाईंचं ठाम मत होतं. हे मत त्यांना मुलाच्या डब्यात नूडल्स भरता भरता सुचलं होतं.

कर्तव्य आता उद्यावर आलं होतं. केंद्रप्रमुखांसमोर बाई दुसरीच्या पोरांना स्वतः रंगवलेलं 'ज्वारीच्या कण्या' हे चित्रपुस्तक वाचून दाखवणार होत्या, आणि मग पोरं कण्या चाखणार होती. बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. चित्रं तेवढी तयार होती: जातं, चूल, धूर आणि फाटक्या लुगड्यातली आजी. तेवढ्यात सासूबाई, गिरिजाबाई, चष्मा लावून मागं उभ्या राहिल्या.

"ही कोन?"

"तुम्हीच, आत्याबाई. लहानपणी कण्या खायच्या न्हाई का तुम्ही?"

"दुसरं होतं काय खायला? ते पोरायला कशाला दाखवून राह्यली?"

"परंपरा आहे आपली."

"असंल. मंग लुगडं फाटकं कामून? तीर्थपुरीहून आणलेली निळी साडी हाय की माझी."

बाईंनी आजीला निळी साडी नेसवली.

"रेशमी साडी नेसून चुलीपुढं बसवती? पेटली म्हन्जे?"

चूल गेली, गॅस आला.

"घरात गॅस, अन् दळती जात्यावर? बिलकुल येडी दिसून राह्यली."

जात्याचा मिक्सर झाला. मिक्सरला ओटा लागला, ओट्याला हिरवी फरशी. उरलेल्या कोपऱ्यात गिरिजाबाईंनी फ्रीज बसवून घेतला. बाईंचा हिरवा रंग संपला, मग धीर संपला.

"आता एवढं असलेली बाई कण्या कामून खाईल?"

"कण्या ऱ्हाऊ द्या, आत्याबाई. पुस्तकाचं नावच ते आहे."

"ऱ्हाऊ दे. पन वर झाकन ठेव."

दुसऱ्या दिवशी गिरिजाबाई निळी साडी नेसून वर्गात हजर. बाई घाईघाईनं पानं उलटत होत्या आणि पोरं प्रत्येक पानावर फ्रीज शोधत होती. शेजारी पातेलंभर कण्या निवत होत्या.

"आजी," पहिल्या बाकावरची प्रिया म्हणाली, "कण्या कशा लागतात वो?"

केंद्रप्रमुखांनी मान पुढं काढली. बाईंनी डोळ्यांनीच सासूला हात जोडले.

गिरिजाबाईंनी पदर सारखा केला. "काय की बाई. आमच्यात पोळ्याच असायच्या."

मग पोरांपैकी कुणीच वाटी पुढं केली नाही. केंद्रप्रमुखांनी फरशीचा रंग छान साधल्याचं सांगितलं आणि त्यांना अंबडची गाडी गाठायची असल्याचं आठवलं.

बाईंनी भरलं पातेलं घरी आणून आदळलं आणि आतल्या खोलीत गेल्या. पाणी प्यायला बाहेर आल्या तेव्हा स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आत गिरिजाबाई जमिनीवर बसून कण्या खात होत्या.

मीठ कमी पडलं होतं, असं त्या म्हणाल्या.