राणीने धरलेली पिशवी

छातीठोकपणे सांगतो, आमची राणी चुकत नाही! राणी म्हणजे श्वान पथकातली लॅब्रॅडॉर. मी आनंदा, तिचा हँडलर. स्फोटकाचा वास आला की ती भुंकत नाही, तिथेच बसते. बसली की समजायचं!

गणपतीआधी नायगावच्या एका चाळीत प्रात्यक्षिक ठरलं. ती नेमकी माझ्या सासुरवाडीची चाळ! सासूबाई, शेवंतीबाई, सगळ्यांना सांगायच्या, "जावई पोलिसात असा, पण कुत्रो फिरवता." म्हटलं, आज दाखवूच!

पाच पिशव्या ओळीत मांडल्या. गणपती मंडळाने चाळभर वाटलेल्या, सगळ्या पिवळ्या. एकीत सरावाची पुडी ठेवली. वास स्फोटकाचा, पण फुटत नाही. मग राणीला आणायला गाडीकडे गेलो.

परत आलो तर पटांगण भरलेलं, आमचे साहेबही येऊन बसलेले. पहिल्या रांगेत सासूबाई, मांडीवर तसलीच पिवळी पिशवी.

"शोध!"

राणीने पाचही पिशव्या हुंगल्या, सरळ पुढे गेली आणि सासूबाईंसमोर बसली!

"राणी, चल!"

ढिम्म!

"बॉम्ब!" कोणीतरी ओरडलं. खुर्च्या पडल्या, निम्मी चाळ जिन्यावर!

"आई, पिशवी हळूच खाली ठेवा."

"कित्याक? तुमच्यासाठी बांगडे तळून आणलंय त्यात!" त्यांनी पिशवी पोटाशी धरली. "गे बायांनो, जावयान माका अतिरेकी ठरवल्यान!"

शेवटी साहेबांनी हात जोडले, तेव्हा कुठे पिशवी सुटली. उघडली. आत माझीच पुडी! आणि ओळीतल्या तिसऱ्या पिशवीत बांगड्यांचा डबा. सासूबाईंनी खुर्ची पुसायला आपली पिशवी खाली त्या ओळीतच ठेवली होती आणि उचलताना शेजारची उचलली होती.

"तळलेल्या बांगड्याला नाक लावून पुढे गेली!" साहेब म्हणाले. "शाबास राणी! पिशव्यांवर लक्ष कोणाचं होतं?"

मी पुडी घाईने खिशात घातली.

चाळीने टाळ्या वाजवल्या, राणीसाठी. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रविवारी जेवायचं आमंत्रण दिलं. मी खूश! रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सासूबाईंनी दार उघडलं आणि माझ्या मागे बघितलं.

"राणी खंय?"

"आई, पथकाच्या कुत्र्यांना बाहेरचं चालत नाही."

"मगे तुमी कित्याक इलात?"