वेंडल कुरुगर यांचे काशाचे मुखवट्याची बखर

श्रीगजानन प्रसन्न. प्रथम नमन त्या देवास, ज्याची सोंड सर्वांआधी दृष्टीस पडते. आणि दुसरे नमन त्याचे पायाशी बसलेल्या उंदरास, जो अवघा भार पाठीवर वाहतो आणि ज्यास आजवर कोणी हात जोडले नाहीत. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, अधिक श्रावणमासी सातासमुद्रापलीकडील एका राज्यात जो प्रकार जाहला, तो साद्यंत लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण त्यांजपाशी वकील बहुत आणि बखरकार एकटा.

त्या राज्याचा मुख्य उद्योग खेळ. खेळास फुटबॉल म्हणतात आणि पाय तर चेंडूस क्वचित लागतो, अवघा कारभार हाताने चालतो, परंतु हे तेथे विचारावयाची सोय नाही. चेंडू गोल नव्हे, नारळासारखा लांबोडा. शंभर वारांचे मैदान, इकडे अकरा गडी आणि तिकडे अकरा, डोईस टोप आणि तोंडावर लोखंडी जाळी घालोन उभे ठाकतात, मग एकमेकांचे अंगावर पिढीजात वैर असल्यासारखे धावतात, मग उठतात आणि पुन्हा धावतात. अकरांत एक सेनापती. तो मागे उभा राहोन चेंडू लांब फेकतो आणि सारी कीर्ती खातो. त्याचे पुढे पाच धिप्पाड गडी असतात, त्यांस आम्ही फळीकर म्हणू. त्यांचे काम एकच, की गनीम सेनापतीपावेतो पोहोचू देऊ नये. ते चेंडूस शिवत नाहीत, पल्ला मारीत नाहीत, गुणही मिळवीत नाहीत. त्यांनी काम चोख केले तर काहीच घडत नाही, आणि काही घडलेच नाही तर त्याची नोंद कोण ठेवतो?

तेथे एक कीर्तिमंडप बांधिला आहे. जे थोर गडी होऊन गेले त्यांचे गळ्यापासोन वरचे काशाचे मुखवटे करोन, खाली नाव कोरोन, ओळीने मांडिले आहेत, आणि ज्याचा मुखवटा मांडितात त्यास एक पिवळाजर्द डगला देतात. तो डगला अंगावर पडावा म्हणोन भले भले गडी म्हातारपणी लहान मुलासारखे झुरतात. आता कोण थोर आणि कोण नव्हे हे ठरवितो कोण? तर पन्नास अखबारनवीस. यांत खेळलेला असा विरळा. कित्येकांनी जन्मात दार ढकलण्यापलीकडे कशास खांदा लाविला नाही. हे पन्नास शहाणे दरसाल माघमासी बंद दालनात बसतात, फराळ करितात, एक एक गड्याचे नाव पुकारतात आणि नाकाने कांदे सोलितात. पन्नासांत चाळीस कौल पडले तर गडी थोर. एकोणचाळीस पडले तर तो थोर नव्हे, पुढले साली पाहू. हाडे मोडली त्याची, आणि चाळीस मोजणार हे! यांचे म्होरके फिलमोर हसकेट म्हणोन होते, ते दाढीवरून हात फिरविल्याखेरीज वाक्य बोलत नसत आणि हात फिरवोन जे बोलत ते न बोलते तर बरे होते.

त्या राज्यात वेंडल कुरुगर म्हणोन एक फळीकर जाहले. उत्तरेकडील बर्फाचे मुलखात लाकडाचे वखारीत वाढले, अंगाने जातिवंत रेड्याचे, बोलणे थोडके. चौदा साले एकाच सेनापतीचे डावे बाजूस उभे राहिले, आणि त्या बाजूने सेनापती किती वेळा भुईस मिळाला म्हणाल तर हातापायाची बोटे पुरोन उरतील. त्याचे बदल्यात नाक तीन वेळा मोडोन घेतले, दोन्ही गुडघे लोखंडी बसविले आणि उजव्या हाताची मधली तीन बोटे आजही मिटत नाहीत. खेळाची चित्रे घेणारे तर चेंडूचे मागे पळत. कुरुगर यांची पाठ तेवढी चित्रात येई आणि पाठीवरील आकडा सहासष्ट. घरी नातवंडे जुनी चित्रे लावोन विचारीत की आजोबा, यांत तुम्ही कोठे, आणि हे बोटाने एक पाठ दाखवीत. सबब त्यांचे मनी एकच इच्छा राहिली होती. डगल्याची मातब्बरी नव्हती, परंतु मरणाआधी एकवार आपले तोंड लोकांनी पाहावे, मंडपात जावे आणि मुलांस सांगावे की हा मी. ही इच्छा त्यांनी पत्नी आर्लीनबाई यांजखेरीज कोणास सांगितली नाही.

याच काळी गनिमाकडे इजकेल बून म्हणोन एक गडी होता. त्याचे काम नेमके उलट, की फळी फोडोन सेनापती पाडावा. हा बून वाऱ्यासारखा येई आणि त्याचे नाव निघता इतर फळीकरांस घाम फुटे. कुरुगर आणि बून दहा साले समोरासमोर उभे राहिले, एकमेकांचे घामाचा वास ओळखू लागले, आणि मग एक साली अखेरचा मोठा सामना या दोघांचे पथकांत पडला. अवघे राज्य पाहत होते. बून त्या दिवशी साठ वेळा चालोन आला आणि कुरुगर यांनी साठही वेळा थोपविला. सेनापतीचे वस्त्रास माती लागली नाही. सेनापतीची मिरवणूक निघाली, आणि हे दोघे मैदानात बसोन एकमेकांस हात देऊन उठविते जाहले. तेव्हापासोन वैर सरोन स्नेह जाहला तो जन्मभर टिकला.

मग दोघे खेळ सोडोन घरी बसले, आणि पाच साले उलटली की नाव दालनात जावे असा तेथील रिवाज, त्याप्रमाणे दोघांची नावे गेली. तेव्हा शहाण्यांनी काय न्याय केला तो ऐकावा. बून यांचे नाव निघताच हसकेट यांनी दाढीवरून हात फिरवोन सांगितले की गडी चांगला खरा, परंतु ज्या दिवशी अवघे राज्य पाहत होते त्या दिवशी याने सेनापतीस बोट लाविले नाही. नामंजूर. मग कुरुगर यांचे नाव निघाले, तेव्हा त्याच तोंडाने सांगितले की त्या दिवशी याने नेमके काय केले ते कोणास दिसले नाही, दप्तरी आकडा नाही. नामंजूर. एकास थोपविला म्हणोन बाहेर आणि दुसऱ्याने थोपविला ते दिसले नाही म्हणोन बाहेर! पन्नासांत एकासही हे दोन निकाल शेजारी ठेवोन पाहावे असे सुचले नाही. अक्कल दाराबाहेर काढोन ठेवावयाची तेथे चाल असावी.

ऐसी बत्तीस साले गेली. दरसाल दोघांस वाटाण्याच्या अक्षता लागत. एक साली म्हणाले यंदा फळीकर पुष्कळ जाहले. एक साली म्हणाले यंदा फळीकर नकोतच. एक साली कुरुगर यांस एकोणचाळीस कौल पडले, आणि चाळिसावा ज्याचा पडता तो आचमन करावयास बाहेर गेला होता. एक अखबारनवीस तर यासाठी विरोध करी की चाळीस सालांमागे सामना हरल्यावर कुरुगर यांनी त्याचे प्रश्नास उत्तर दिले नव्हते. दरसाल निकाल लागला की बून फोन करी आणि दोघे पन्नासांचे नावाने मनसोक्त बोटे मोडीत. त्याने त्यांचे चित्त हलके होई. मग शके एकोणीसशे एकेचाळिसात बून वारला. तेव्हा त्याच पन्नासांनी आपापल्या अखबारांत काळी चौकट करोन लिहिले की अरेरे, एवढा थोर गडी मंडपाबाहेर राहिला, घोर अन्याय जाहला. अन्याय कोणी केला ते कोणी लिहिले नाही. कुरुगर मर्तिकास गेले, अखबार वाचला, घडी करोन चुलीत घातला. पुढले माघात फोन वाजला नाही, तेव्हा त्यांस फार एकाकी वाटले आणि ते आर्लीनबाईंपाशी रडले.

मग शुभकृत संवत्सरी वृद्ध सेनापती दूरदर्शनावर बसोन ढसढसा रडले आणि म्हणाले की कुरुगर नसते तर मी आज कुबड्यांवर असतो, आणि मी मंडपात असोन ते बाहेर याची मला लाज वाटते. लोकांत ओरड जाहली, शहाण्यांचे दारी पत्रांचा ढीग पडला, आणि ज्यांस बत्तीस साले काही दिसले नव्हते त्यांस एका दुपारी सर्व दिसो लागले. एक्केचाळीस कौल पडोन कुरुगर मंजूर जाहले. वय पंचाहत्तर. आर्लीनबाईंनी गावोगाव फोन करोन लेकी, सुना, नातवंडे अवघी बोलाविली.

आता मंडपाचा एक हट्ट असा, की मानकऱ्याने आपला मुखवटा पडदा उठेपावेतो पाहू नये, आणि मूर्तिकारानेही मानकऱ्यास भेटू नये. मंडपाचे कचेरीने एक चित्र पाठवावे आणि त्यावरोन मूर्तिकाराने घडवावे. कचेरीत कुरुगर यांचे चित्र शोधू लागले तो जेथे तेथे पाठ. मग त्या मोठ्या सामन्याचे एक चित्र सापडले. त्यात दोन गडी एकमेकांस भिडलेले, एकाची पाठ, आणि दुसऱ्याचा टोप उडोन तोंड लख्ख दिसते आहे. हसकेट यांनी दाढीवरून हात फिरविला, तोंडाभोवती लाल वर्तुळ काढिले आणि खाली आपली मोहर केली की हेच. ज्या माणसाचा न्याय बत्तीस साले केला त्याचे तोंड ओळखणारा पन्नासांत एक निघाला नाही. ते तोंड इजकेल बून याचे होते.

अधिक श्रावणात उत्सव भरला. वीस हजार माणूस, तुताऱ्या, झेंडे, ऊन मरणाचे. कुरुगर यांचे अंगावर डगला चढविला आणि वृद्ध सेनापतींनी पडदा ओढिला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि मानाचे पन्नास खुर्च्यांवरील शहाणे माना डोलवोन एकमेकांस सांगते जाहले की वाहवा, काय हुबेहूब साधले आहे. सेनापतींस वयोमानाने धड दिसत नव्हते. कुरुगर पाहतच राहिले. नाक सरळ, भुवईवर खाच, पुढले दोन दातांत फट. आर्लीनबाई जवळ होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "अहो, हा तर बून."

कुरुगर यांनी हसकेट यांस हाताने धरोन मागील दालनात नेले. प्रथम हसकेट ऐकतना, म्हणाले वयपरत्वे तोंड बदलते. मग आर्लीनबाईंनी झोळीतून लग्नाचे चित्र काढोन नाकाखाली धरिले, तेव्हा मोठमोठ्याने बोलणारे गृहस्थ पाणी मागू लागले. मग त्यांनी तोड काढिली. दर मानकऱ्यास एकच ओत मिळावा असा नियम, सबब हाच मुखवटा वितळवोन त्याच काशाचा कुरुगर यांचा करू, महिन्याभरात आणोन बसवू, बाहेर कोणास कळणार नाही आणि मंडपाचीही अब्रू राहील. कुरुगर यांनी विचारले की मग बूनचे काय. हसकेट म्हणाले की बूनचे प्रकरण दप्तरबंद जाहले आहे, मेलेल्यांची यादी निराळी असते, ती आमचे हयातीत निघेलसे दिसत नाही.

आर्लीनबाई म्हणाल्या की तुम्ही उगाच थोरपणा करू नका. पोरे दूरदूरून आली आहेत, बत्तीस साले तुम्ही या एका दिवसाकडे डोळे लावोन बसला होता ते मी पाहिले आहे, आणि बून असता तर तोच म्हणाला असता की घे तुझे तोंड, गाढवा. हे सर्व खरे होते. कुरुगर खुर्चीवर बसले, मोडके बोटांनी डगल्याची गुंडी सोडीत आणि लावीत राहिले. बाहेर लोक त्यांचे नाव घेऊन ओरडत होते आणि दाराचे फटीतून तो मुखवटा दिसत होता. त्यांस आपले तोंड तेथे हवे होते, फार हवे होते, आणि हे त्यांनी बायकोस तेव्हाच बोलोनही दाखविले. मग बहुत वेळाने ते उठले आणि हसकेट यांस म्हणाले,

"त्या दिवशी साठ वेळा चालून आला. साठही वेळा मी याला आत येऊ दिले नाही. आज आला आहे. राहू द्या."

मग बाहेर जाऊन दोन वाक्यांत सर्वांचे आभार मानिले आणि नातवंडांस घेऊन घरी गेले. बून याची लेक दूर दक्षिणेस होती, तिला मात्र रात्री फोन करोन सांगितले की एकवार मंडपात जाऊन ये. ती मुलांस घेऊन गेली आणि मंडप बंद होईतो तेथे बसोन राहिली.

सारांश, पन्नास शहाण्यांनी बत्तीस साले तोलोन एक गडी आत घेतला तो दुसराच निघाला, आणि त्यांचे अवघे कारकिर्दीत तेवढाच एक न्याय बरोबर जाहला, तोही चुकोन. दप्तरी शेरा आहे की मुखवटा हुबेहूब. ऐकिले तैसे लिहिले, कलम ठेविली.