चिकटवलेली दाढ

"पाच मिनिटांचं काम आहे, ताई! तू फक्त चहा टाक!"

हे वाक्य डिंकरावांच्या तोंडून निघालं की शहाण्या माणसाने छत्री घेऊन बाहेर पडावं. पण ताई पडली सख्खी बहीण. तिने विश्वास ठेवला.

डिंकराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला. इकडचा कोड उचलून तिकडे चिकटवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून ऑफिसने ही पदवी बहाल केलेली. त्याचा राग? छे! त्यांना अभिमान होता! नव्या डेव्हलपरांसाठी त्यांनी 'उपयोगी तुकडे आणि युक्त्या' असं एक पानच चालवलं होतं. एकच बटण लोकांनी दोनदा दाबलं तर काय करावं, मोबाइल नंबरात एक आकडा कमी पडला तर कसं ओरडावं, सगळ्याचे तयार तुकडे तिथे. उचला आणि चिकटवा! आयत्या बिळावर नागोबा होण्याची इतकी उत्तम सोय दुसरी नाही.

ताई दातांची डॉक्टर. मोठ्या इस्पितळातली नोकरी सोडून सोमवारी स्वतःचा दवाखाना उघडणार होती. पेशंटना घरबसल्या वेळ ठरवता यावी म्हणून तिला वेबसाइट हवी होती.

"पहिल्याच दिवशी दवाखाना रिकामा राहिला ना, तर मी परत त्या इस्पितळाच्या दारात जाऊन उभी राहणार बघ," ती म्हणाली. बोलताना हसली, पण ती थट्टा नव्हती.

डिंकरावांनी एका हाताने काम सुरू केलं. एका हाताने, कारण दुसरा गालावर होता. खालची डावी दाढ ठणकत होती! पण ताईसमोर 'दाढ' हा शब्द काढण्याची त्यांची छाती नव्हती. शाळेत असल्यापासून त्यांना दातांच्या खुर्चीची अशी धास्ती, की बहिणीसमोर ते जांभईसुद्धा तोंड झाकून देत.

फॉर्म तयार झाला. आता तो तपासायचा, म्हणजे दर वेळी नाव, नंबर, तक्रार, सगळं टाइप करायचं. एवढा उपद्व्याप कोण करतो? डिंकरावांनी आपल्या खजिन्यातून एक तुकडा काढून चिकटवला. आता बटण दाबलं की फॉर्ममधली माहिती पुसून तिथे आपोआप नमुन्याची माहिती बसे. त्यांनी नमुना भरला: नाव 'पेशंट', वेळ सोमवारी दहा, नंबर सहज पाठ होता तो बाबांचा, आणि तक्रार? तक्रार आपसूकच सुचली: 'खालची डावी दाढ फार दुखते.'

बटण दाबलं. ताईच्या यादीत पेशंट आला! वा!

"तू नीट वाचलंस ना रे सगळं?" ताईने विचारलं.

"वाचायचं काय त्यात? पाच मिनिटांचं काम!"

आणि साइट सुरू करून, चहा उजव्या बाजूने पिऊन डिंकराव घरी गेले. तो तुकडा मात्र तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा मोबाइल वाजला. ताईच्या दवाखान्याकडून मेसेज होता: 'आपली वेळ पक्की! सोमवार, दहा वाजता. तक्रार: खालची डावी दाढ.' बाबांनी चष्मा पुसला. त्यांच्या तोंडात कवळी होती, वरची आणि खालचीही! खरा दात औषधालाही शिल्लक नव्हता. तेवढ्यात दुसरा मेसेज. मग तिसरा. जेवायच्या वेळेपर्यंत मोबाइल नुसता टणाटण वाजत होता, आणि प्रत्येक वेळी तीच दाढ!

बाबा विचारात पडले. आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. पोरीला पेशंट मिळत नाहीत! लाजेकाजेस्तव बापाचाच नंबर पुन्हा पुन्हा लिहून यादी भरतेय बिचारी!

तिकडे ताई यादी उघडून आ वासून बसली होती. सगळ्या यादीत बाबांचाच नंबर! दुसरं कुत्रं नाही! तिने फोन लावला.

"बाबा, दाढ दुखतेय का तुमची?"

बाबांनी ओळखलं, पोरीचं झाकलेलं झाकूनच ठेवायला हवं. "हो गं! फारच दुखतेय!"

"अहो, पण कुठली?"

"तू म्हणशील ती!"

ताईने फोन ठेवला आणि भावाला लावला. "अरे, बाबांचं काहीतरी बिनसलंय! आपल्याला दात नाहीत हेच विसरलेत ते! सारखी वेळ मागतायत! आणि दुसरा एकही पेशंट नाही रे. तुझी साइट नीट चालतेय ना?"

डिंकरावांनी लगेच साइट उघडली, बटण दाबलं, यादीत पेशंट आला. "माझ्याकडे तर मस्त चालतेय!" ते म्हणाले. "बाबांचं वय झालं, ताई. सांभाळून घे."

म्हणजे यादीत आणखी एक दाढ वाढली.

सोमवारी बाबांनी निकराचा उपाय केला. रोज सकाळी बागेत भेटणारी सगळी मित्रमंडळी घेऊन ते दहाच्या आधीच दवाखान्यात हजर! "पोरीची पहिली बोहनी आहे, कोणी हलायचं नाही!" अशी सक्त ताकीद. बाकावर, खुर्च्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर सगळीकडे आजोबा, आणि सगळ्यांना मिळून जेमतेम एका माणसाचे दात!

"पुढचे कोण?" ताईने गोंधळून विचारलं.

"आम्ही सगळेच! सावकाश होऊ दे!"

इतक्यात दारात एक बाई आल्या. गाल टम्म सुजलेला. "माझी साडेदहाची वेळ आहे." त्यांच्या मागे एक ड्रायव्हर, जबडा धरून. त्यांच्या मागे एक शिंपी. बघता बघता रांग जिन्यापर्यंत गेली.

"तुमची नावं तर यादीत नाहीत!"

"नाहीत म्हणजे? वेळ पक्की झाली असं पडद्यावर आलं होतं! आणि हे आजोबा कोण आहेत एवढे?"

"आम्ही पेशंट!" आजोबा एका सुरात म्हणाले.

"कसली गंमत लावलीय!" शिंपी परत वळला. त्याच्यामागे आणखी दोघं जिना उतरू लागले. ताईचा चेहरा पडला. पहिला दिवस म्हणून लॅपटॉपसकट हजर असलेल्या भावाकडे तिने नुसतं पाहिलं. त्या नजरेने डिंकरावांची पाचावर धारण बसली. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि तो तुकडा आयुष्यात पहिल्यांदा वाचला. डोक्यावरच स्वच्छ लिहिलं होतं: 'तपासणी संपताच हा तुकडा काढून टाका, नाहीतर सगळ्यांच्या नावावर एकच माणूस येईल!'

"त... ताई," डिंकराव ततपप करू लागले, "हे सगळे खरे पेशंट आहेत. यादीतले बाबा खोटे आहेत."

"मी खोटा?" बाबा गरजले. मग प्रकाश पडला. "म्हणजे पोरीकडे खरे पेशंट आलेत? अरे उठा रे, उठा! दातवाल्यांना बसू द्या!" आणि स्वतः जिन्यावरून धावत जाऊन त्यांनी शिंप्याला हाताला धरून परत आणलं.

संध्याकाळपर्यंत ताईला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. नोकरीवर परत जाण्याची गोष्टच संपली! शेवटचा पेशंट गेल्यावर ती भावाकडे वळली. डिंकराव मान खाली घालून बसले होते. मनात आलं, आपलेच दात, आपलेच ओठ, बहीण सोडून देईल.

"एक कळत नाही," ताई हातमोजे चढवत म्हणाली. "बाबांना तर एकही दाढ नाही. मग ही खालची डावी दाढ आली कुठून?"

डिंकरावांचा हात आपोआप गालावर गेला. बाबांनी शांतपणे दाराला कडी लावली.

"बस खुर्चीत."

"ताई, ऐक ना... तू... तू आधी नीट वाचलंयस ना सगळं?"

"वाचायचं काय त्यात?" ताईने दिवा तोंडावर ओढला. "पाच मिनिटांचं काम आहे!"