गडग्यावरचा स्टिरिओ

मामलेदार कचेरीतल्या श्रीपाद आजगावकरने एका रविवारी ठरवलं, की लिनोचा रेकॉर्ड-प्लेअर तूर्त घरात घेऊन ठेवू, वाजवायचं पुढचं पुढे बघता येईल. सहासष्ट साल होतं, घरात वीज येऊन सहाच महिने झाले होते आणि माणूस स्वभावाने हौशी होता. (त्याची बायको आनंदी यासाठी दुसरा शब्द वापरायची.)

लिनो त्याचा शाळासोबती आणि शेजारच्या जॉर्जचा धाकटा भाऊ. तो बोटीवर नोकरीला होता. तिथल्या कुणा साहेबाने नवं यंत्र घेतलं आणि जुनं लिनोला देऊन टाकलं. लिनोने ते रेकॉर्डच्या गठ्ठ्यासकट श्रीपादच्या ओटीवर आणून ठेवलं.

"स्टिरिओ आसा," तो म्हणाला. "डाव्या कानाक येगळा, उजव्या कानाक येगळा. फकत अँप्लिफायर होयो." एवढं सांगून तो पंधरा दिवसांसाठी आरोंद्याला, सासुरवाडीला निघून गेला.

फकत! श्रीपादने मुंबईच्या एका दुकानाची किंमतपत्रिका मागवली. अँप्लिफायरची किंमत वाचली, कागदाची होती तशी घडी केली आणि तो पुन्हा पाकिटात घातला, जणू उघडलाच नव्हता. मग तो धोंडूकडे गेला. धोंडू रेडिओ दुरुस्त करायचा आणि लग्नाकार्याला लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा.

"माझो अँप्लिफायर व्हरा," धोंडू म्हणाला, "पण तुमच्या ओटयेवर लावलास तर थंय किल्ल्यावर ऐकाक येतला, आणि तुमका कायमचा ऐकाक येवचा नाय." मग त्यानेच तोड काढली. रेडिओच्या पाठीला रेकॉर्ड-प्लेअर जोडायचं भोक असतं. रेडिओ हाच अँप्लिफायर!

श्रीपाद धावत घरी आला, वायर जोडली, रेकॉर्ड लावली आणि कान रेडिओला चिकटवला. आत एक डास सतार वाजवत होता.

धोंडूने येऊन निदान केलं. ही पिन मोठी नाजूक, तिचा आवाज रेडिओपर्यंत पोचेतो मरतो. आधी प्रीअँप्लिफायर लागणार. एकेका कानाला एकेक.

"म्हणजे आवाज मोठो करणाऱ्याक आधी आवाज मोठो करून देणारो?" आनंदीने विचारलं.

"हां," श्रीपाद म्हणाला.

"आणि तेही दोन?"

"कान दोन आसत मा गो!"

"नशीब माझां, बायल एकच केलात," म्हणून ती मासे कापायला गेली.

धोंडूने चार दिवसांत दोन बिस्किटांच्या डब्यांत दोन प्रीअँप्लिफायर बसवले, टॉर्चच्या सेलवर चालणारे. आता डासाची सतार चांगली खोलीभर ऐकू यायला लागली. प्रश्न उरला उजव्या कानासाठी दुसऱ्या रेडिओचा. तो जॉर्जकडे होता. जॉर्ज तयार होता, पण त्याची आई पिएदादमाय रेडिओला हात लावू देईना.

"वायर खंयूय घाल," ती म्हणाली, "पण रेडिओ हंयसून हलाचो नाय. पाच वाजता माका पणजी स्टेशन लागता."

मग वायरच हलली. गडग्यावरून ती जॉर्जच्या खिडकीत गेली. डावा आवाज श्रीपादच्या खिडकीतून, उजवा जॉर्जच्या खिडकीतून. दोन्ही घरांत अर्धं अर्धं संगीत. पुरा स्टिरिओ ऐकायचा तर जागा एकच, ती म्हणजे दोन घरांच्या मधला चिऱ्यांचा गडगा. शनिवारी सकाळी श्रीपाद त्यावर चढून बसला, पाय खाली सोडले, डोळे मिटले आणि त्याच्या अंगावर काटा आला. सतार डावीकडे! तबला उजवीकडे! त्याने हाका मारून जॉर्जला वर चढवलं. जॉर्जलाही तसंच ऐकू आलं. आनंदी काही चढली नाही, पण खालून म्हणाली, "बरा वाजता." (लग्नानंतर तिने कशालाही दिलेली ही सर्वात मोठी शाबासकी.)

त्या भरात श्रीपाद कचेरीत गेला आणि नको तिथे बोलून बसला.

"स्टिरिओ? मालवणात?" मामलेदारसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आमचे जावई मुंबईहून पत्रातून त्याचं वर्णन लिहितात. आम्ही काही ऐकला नाही अजून. उद्या येतो. सहकुटुंब."

अव्वल कारकुनाची जागा पुढच्या महिन्यात रिकामी होणार होती. श्रीपादला रात्रभर झोप नाही.

रविवारी साडेचारला साहेब आले. कोट, टोपी, सोबत विमलाबाई. त्यांना गडग्यावर बसायची विनंती करताना श्रीपादने तीनदा 'माफ करा' म्हटलं, पण आनंदीने वर घडी घातलेलं जाजम अंथरलं, खाली पाट ठेवला आणि साहेब विज्ञानाच्या प्रेमापोटी चढले. विमलाबाई त्यांच्या शेजारी बसल्या, पलीकडे जॉर्ज, त्याच्यापुढे धोंडू. रस्त्यावरची माणसं थांबली. श्रीपादने पिन टेकवली आणि तो धावत गडग्याशी आला.

"अहाहा!" साहेब म्हणाले. "सतार डावीकडे!"

"तबलो उजवीकडे," जॉर्जने भर घातली.

"बोटं दिसतात हो, बोटं!" विमलाबाई म्हणाल्या.

श्रीपादला अव्वल कारकुनाची खुर्ची दिसायला लागली. तिच्यावरची उशीसुद्धा दिसली. आणि तेवढ्यात जॉर्जच्या घरातल्या घड्याळात पाचचे ठोके पडले.

खिडकीत पिएदादमायचा हात आला, त्याने रेडिओची कळ पिरगाळली, आणि उजवीकडून बायकांच्या आवाजात कोंकणी गाणं, मांडो, सुरू झालं. डावीकडे सतार चालूच.  श्रीपाद गडग्यावरून पलीकडे उडी मारणार, तोच साहेबांनी त्याचा सदरा धरला.

"हलू नका!" साहेबांचे डोळे मिटलेले होते. "डाव्या कानात हिंदुस्थान, उजव्या कानात गोवा! आजगावकर, याला म्हणायचं स्टिरिओ! मघाचं ते ठीक होतं, पण हे... हे म्हणजे..."

 मांडो संपता संपता श्रीपादने सदरा सोडवला आणि खिडकीतून हात घालून पणजी बंद केली. पिएदादमायने त्या हातावर पंख्याची दांडी मारली. ती काही साहेबांना दिसली नाही. जाताना त्यांनी श्रीपादचा तोच हात हातात घेऊन जोरजोरात हलवला.

संध्याकाळी लिनो परतला. सगळी हकिगत ऐकून त्याने रेकॉर्ड उचलली, लेबल वाचलं आणि तो ओटीवरच बसला.

"अरे मेल्या, ही साधी रेकॉर्ड! हिच्यात डावा-उजवा काय नाय. दोनय बाजूंक एकच आवाज."

"पण सतार डावीकडे होती," श्रीपाद म्हणाला.

"तुझ्या डोक्यात होती."

आनंदी दारात उभी होती. "म्हणजे खरो स्टिरिओ वाजलो तो फकत पिएदादमायन कळ फिरवली तेव्हा," ती म्हणाली आणि पदर तोंडावर धरून आत पळाली. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता, एकाच बाजूने.

सोमवारी साहेबांनी श्रीपादला आत बोलावलं आणि चक्क खुर्ची दिली.

"गुरुवारी जावई येताहेत. त्यांना तुमच्या गडग्यावर आणतो. ती मांडोची तबकडी काढून ठेवा, दुसरी काही नको. आणि तिचं नाव-नंबर आत्ताच मला एका कागदावर लिहून द्या."

श्रीपाद टेबलाशी आला. कागद घेतला, दौत उघडली, टाक बुडवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'दोन्ही कान दुखत असल्याकारणाने बुधवारपासून चार दिवसांची रजा मिळावी, ही विनंती.'